केळ्यासारखा मिक्सर

३ ऑगस्ट १९९९, मंगळवार

‘घरोघरच्या बायकांनो, तुमच्या माळ्यावर एक मिक्सर मरून पडलाय. तो दुरुस्त होत नाही, कारण तो उघडत नाही. तो फेकवत नाही, कारण त्याच्यासाठी तुम्ही दोन दिवाळ्या थांबला होता. वाटण करून हात भरून येणाऱ्या बाईला स्वतःच्याच यंत्राच्या पोटात डोकावायची बंदी कुणी घातली?’

इथवर जमलं. महिला मंडळाचं व्याख्यान ऑक्टोबरात आहे, पण मला आत्ताच राहवत नाही. दि.ला वाचून दाखवलं. नवरा असून कधी टाळी वाजवत नाही, गणिताचा मास्तर. म्हणाला, "बंदी कुणी घातली हा प्रश्न तू नको विचारूस. मिक्सरच्या कारखान्यात डिझाइन तू करतेस." शिवाय म्हणाला, आपल्याही माळ्यावर एक आहे. पांढरा. आमच्याच कारखान्याचा.

ते खरं आहे, म्हणून राग आला.

आज कारखान्यात मालकांनी, अण्णांनी, नव्या मॉडेलचं काम दिलं. वरच्या भागाचा साचा झाला आहे. तळाचं झाकण मी करायचं. "कुमुदबाई, तळ कायमचा बंद पायजे. रिव्हेट मारा. गल्लीतल्या मिस्त्र्यानं उघडून डुप्लिकेट माल घालायचा न्हाय." दिवाळीनंतर बाजारात आणायचं म्हणतात.

मान हलवली. का हलवली?

८ ऑगस्ट, रविवार

दुसऱ्या कंपन्यांचे मिक्सर आतून बघायला भंगारवाडीत गेले. दुकानात मागितले तर नवे मिळतात, भंगारात मेलेले, आणि माझ्या कामाला मेलेले बरे.

तिथे शेवंताक्का. मूळची गडहिंग्लजकडची, साठीच्या आसपास. पोत्यावर बसून मोटारी फोडते. तांबं एका डब्यात, पितळ एका, जर्मन एका (इकडे ॲल्युमिनियमला सगळे जर्मन म्हणतात). पत्रा फौंड्रीला जातो. पत्र्याला तांबं चिकटून राहिलं की फौंड्रीवाले ओरडतात, ओतीव टणक होतं, ड्रिल मोडतं. म्हणून अक्का मोटार आधी जाळते. प्लॅस्टिकचा काळा धूर. मी पदर नाकाला लावला, ती हसली. "पावणीला वास येतोय व्हय? आमच्या भाजीलाबी ह्योच वास असतोय."

डावा डोळा पांढरा. विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "छन्नीनं रिबीट उडवलं, त्याचं डोस्कं उडून डोळ्यात गेलं. चार वर्सं झाली. त्यो पांढरा मिक्सर हाय बघा, त्येला आमी नारळ म्हंतो. फोडल्याबिगर खोबरं न्हाय."

पांढरा.

मी दोन मिक्सर घेतले आणि पळाले. पळालेच.

९ ऑगस्ट

कारखान्यातली जुनी ड्रॉइंगं काढली. ९४ सालचं पांढरं मॉडेल. तळाला सहा रिव्हेट. खाली सही कु. (माझी). कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रू फिरवायला वेळ जातो, म्हणून रिव्हेट मीच सुचवले होते. जोडणीला लागणारा वेळ निम्मा झाला होता. त्या वर्षी वर्धापनदिनाला अण्णांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ.

श्रीफळ!

भाषणात मी म्हणाले होते: ‘वेळ वाचवणं म्हणजे आयुष्य वाचवणं.’ त्याला टाळ्या पडल्या होत्या.

१० ऑगस्ट

संध्याकाळी माळ्यावरचा आमचा पांढरा खाली काढला. दि. वह्या तपासत होता. अंगणात फरशीवर ठेवला, छन्नी-हातोडी घेतली. पहिल्या घावात काही नाही. दुसऱ्यात रिव्हेटचं डोकं उडालं ते भिंतीवरच्या कॅलेंडरला भोक पाडून गेलं. बुधवारच्या चौकटीत.

दि. उठून आला, कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आता चष्मा घालून ये." मग हातोडी माझ्या हातातून घेतली आणि पाच रिव्हेट त्यानं उडवले. आत मोटार अगदी चांगली होती. फक्त एक वायर सुटलेली. दोन मिनिटांचं काम, आणि मिक्सर पाच तुकडे.

१७ ऑगस्ट

परत अक्काकडे. आता ओळख. कागद घेऊन गेले, तिला विचारलं, मिक्सर कसा असला म्हणजे तुम्हाला बरा?

"कसा म्हंजे?"

"म्हणजे फोडायला सोपा."

"फोडायचाच कशाला? नारळ फोडतोय, केळं कुणी फोडतंय व्हय? केळं सोलतोय. केळ्यावानी करा की."

पंचवीस वर्षं इंजिनिअरिंगची पुस्तकं वाचली. कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

कामाला लागले. तळझाकण चार खाचांत बसवून फिरवलं की घट्ट. एका खाचेत नाणं घालून फिरवलं की सुटतं. मोटार दोन क्लिपांत, अख्खी बाहेर येते. तांब्याचं वेटोळं एका बाजूनं कापून ओढलं की सगळं निघतं, जाळायला नको. तांबं तांब्यात, पत्रा पत्र्यात, जर्मन जर्मनमध्ये. वहीच्या कडेला लिहून ठेवलं: केळं. यापुढे कारखान्याच्या कागदांवरही हेच नाव. कुणी विचारलं तर सांगायचं, कोड आहे.

अजून तिला सांगितलं नाही. ओठांवर आलं आणि गिळलं. आठशे माणसांसमोर घसा न खाकरता बोलते मी.

२४ ऑगस्ट

अण्णांना केळं दाखवलं. कागदावर. खुर्चीत मागे रेलून ऐकलं, मग एकच प्रश्न विचारला.

"पोरानं आठ आण्यानं उघडला, वायर तशीच भिंतीत, बोट आत घातलं. मग? तुमी येणार माझ्याबरोबर जेलात?"

हरामखोर प्रश्न, आणि बरोबर प्रश्न. मी मुलांचा विचारच केला नव्हता. मी फक्त अक्काचा विचार केला होता. एक डोळा वाचवायला दुसऱ्याचं बोट?

तरी हार मानली नाही. दुरुस्ती, मोड, फौंड्री, सगळं एका दमात. अण्णा हसले. "तुमचं बोलणं ऐकलं की माणूस हो म्हंतोय, घरी गेलं की कळतंय कशाला म्हटलं." पण एक सवलत मिळाली. रविवारी विक्रेत्यांचा मेळावा. तिथे बोला. त्यांना पटलं तर बघू. आणि पोराच्या बोटाचं उत्तर आणा.

२६ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. भाऊ मुरगूडहून आला, राखी बांधून घेऊन जेवला. नारळीभात केला. नारळ फोडताना हात थांबला. भावानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

भाषण पाठ. चोवीस मिनिटं. सुंदर झालंय.

२९ ऑगस्ट, रविवार

सुंदर झालं होतं.

हॉलमध्ये साठेक विक्रेते. निवडणुकीमुळे लाऊडस्पीकर मिळेना, शेवटी शाळेचा मागून आणला. कुरकुरत होता. मी मोडीवर आले. मोड म्हणजे भंगार, मोडीला जाणारा माल, हे त्यांना कळणारच असं धरून चालले. मोडीतल्या बायकांबद्दल बोलले, तांब्याबद्दल बोलले. मग आवाज चढवून, हात वर करून:

"हा मिक्सर मोडायला सोपा आहे! इतका सोपा, की कुणीही मोडावा!"

मग पेठ वडगावचा एक विक्रेता, जाडजूड, पुढच्या रांगेतला, बसल्या बसल्या म्हणाला, "बाई, मोडायला सोपा मिक्सर आमच्याकडं हाय की आदीच. रोज परत येतोय!"

हॉल हसायचा थांबेना. अण्णासुद्धा हसले, रुमाल तोंडाला लावून. मी माईक धरून उभी. शब्द म्हणजे माझं हत्यार, आणि ते माझ्याच पायावर पडलं.

निकाल तिथेच लागला. रिव्हेट.

जेवणाच्या वेळी एक बारका माणूस शेजारी येऊन उभा राहिला. चंदगडचा विक्रेता. म्हणाला, "बाई, तुमी बोलला त्यातलं मला कळलं. आमच्याकडं जूनपासनं मोटार घाम धरतीया. पाऊसच तसला. उघडून वाळवता आली तर निम्मी वाचतील. आता अख्खी फेकतोय." मी म्हटलं, हे तिथे का बोलला नाही? ताटातली पुरी मोडत म्हणाला, "तिथं समदी हसत हुती की."

३० ऑगस्ट

सकाळी मटकी उपसत होते. छान मोड आलेले. दि. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "मटकीला मोड आले तर मिसळ होते. मिक्सरला मोड आले तर मेळावा होतो."

पातेलं आदळलं. मग मीच हसले. हसता हसता रडले थोडी. त्यानं मटकी गाळून दिली.

साठ माणसांच्या डोक्यात आता कायमचं बसलं: कुमुदबाईंचा मोडणारा मिक्सर. अक्कानं शब्द सुचवला होता, सोलायचा. तो मला गावठी वाटला का? भाषणात बसला नाही म्हणून टाकला का? खरं उत्तर: हो.

११ सप्टेंबर

मतदान झालं. कारखान्यात सगळ्यांच्या बोटाला शाई. रिव्हेटचं तळझाकण कागदावर पूर्ण केलं. सही करायची आहे. करत नाही. अण्णा रोज विचारतात. गौरीचं कारण सांगितलं, गणपतीचं सांगितलं.

कारणं संपत आली.

२५ सप्टेंबर

आज विसर्जनाचा दुसरा दिवस. अण्णा टेबलाशी येऊन उभे राहिले. "सही?"

मी म्हटलं, "उद्यापासून पितृपक्ष."

अण्णा थांबले. तोंडानं चक् केलं. नवीन साच्याला पितृपक्षात हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. "मग घटस्थापनेला सुरू. पण त्या दिवशी कागद पायजे."

पंधरा दिवस. मी पुरोगामी बाई, अंधश्रद्धेवर तास-तास बोलते, आणि आज पितरांचे पाय धरावेसे वाटले. बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

४ ऑक्टोबर

पोराचं बोट. रोज रात्री तेच स्वप्न. खाच कुठेही ठेवली तरी पोरगं नाणं घालतं.

साच्यावाले बाळू मिस्त्री दुपारी डबा खाताना माझा कागद उलटा करून बघत होते. चाळीस वर्षं साचे करतात, पोलादाशी बोलतात, माणसांशी कमी. भाकरीचा घास तोंडात. "म्याडम, खाच वायरच्या बुडात घाला की."

"म्हणजे?"

"इस्त्रीला असतीया तसली निघणारी वायर. ती बसवली की खाच झाकली. वायर काढल्याबिगर खाचच दिसत न्हाय. नाणं कुठं घालणार पोरगं? वायरच हातात!"

वायर काढली म्हणजे वीज गेली. वीज गेली म्हणजेच खाच दिसणार. एवढंच. माझा दीड महिना आणि त्यांची अर्धी भाकरी.

मी त्यांचे हात धरले. ते घाबरले. "चटणी लागलीया, म्याडम."

१० ऑक्टोबर, घटस्थापना

साच्याची पूजा. अण्णांनी नारळ फोडला. मी सही केलेला कागद दिला. रिव्हेटचा. पण पाठीमागे दुसरा कागद जोडला होता, केळ्याचा, वायरच्या खाचेसकट. अण्णांनी पहिला बाळू मिस्त्रींना दिला, दुसरा खिशात घातला. न वाचता. पण खिशात.

मिस्त्रींनी काम सुरू केलं. मी विचारलं, रिव्हेटचे कोपरे कधी? मान वर न करता म्हणाले, "ते शेवटाला. आत्ता कोपरं मोकळं ऱ्हाऊ देत."

कोपरे मोकळे असले म्हणजे साचा दोन्ही बाजूंना वळू शकतो. साचा पंचवीसला सकाळी पुण्याला कडक करायला जाणार. एकदा पोलाद कडक झालं की खाच पाडता येत नाही. पुढची दहा वर्षं त्यातून नारळच निघतील.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

हे नीट लिहून ठेवते.

मिस्त्रींनी हातानं केलेला केळ्याचा नमुना पिशवीत घालून अक्काकडे गेले. सुट्टीच्या दिवशी ती भंगारवाडीत असेल असं वाटलं नव्हतं, पण होती. पोत्यावर स्वच्छ फडकं, त्यावर हातोडी, छन्नी, पाना, तराजू. हळदकुंकू, झेंडू. उदबत्ती. हातोडीच्या डोक्यालाही कुंकू लावलेलं.

नमुना पुढे ठेवला. अक्का म्हणाली, "आज न्हाय गं बाई. आज हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या ये."

"हत्यार नकोच अक्का. वायर काढा."

तिनं वायर उपसली. खाच दिसली. एका डोळ्यानं जवळ घेऊन बघितली. मग कनवटीची चंची सोडून सुपारीतनं आठ आण्याचं नाणं काढलं, खाचेत घातलं, फिरवलं.

टक.

तळझाकण तिच्या हातात आलं. क्लिपा दाबल्या, मोटार अख्खी तिच्या मांडीवर उतरली.

"अगं बया! कळा न्हाईत, काय न्हाईत, झालं की बाळंतपण!" सुनेला हाक मारली. "रुक्मे, ये बघ! हत्याराची पूजा चाललीया आणि मी मोटार काढली. पाप लागतंय काय बघ!"

सून आली, चोविशी-पंचविशीची. तिनं पुन्हा बसवला, पुन्हा उघडला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी नखानं उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हसली. तिच्या बोटांना काळे घट्टे होते, नवे.

आणि मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, भाषण नव्हतं. "अक्का, तो पांढरा मिक्सर माझा. रिव्हेट मी घातले."

अक्का बराच वेळ मोटार मांडीवरून खाली ठेवेना.

"तुजं रिबीट व्हय?"

"माझं."

"मग दोन महिनं येतीस-जातीस, बोलली न्हाईस ती?"

"धीर झाला नाही."

"भाषणं करतीस म्हणं."

उदबत्ती विझत आली होती. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, "माझा डोळा काय तू आणून देणार न्हाईस. त्यो गेला. आता हातोडीवर रुक्मी बसतीया. तिचं दोन्ही हाईत अजून. त्येचं बघ."

निघताना तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. हातोडीला लावलेलं तेच बोट.

२० ऑक्टोबर

काल दसरा. सोनं द्यायला अण्णांच्या घरी गेले तेव्हा बोलले नाही. आज ऑफिसात बोलले. सगळं. डोळा, रिव्हेट, माझी सही, श्रीफळ, रुक्मी. चंदगडच्या विक्रेत्याचा घाम धरणाऱ्या मोटारीही. नमुना टेबलावर ठेवून म्हटलं, वायर काढा. काढली. खाच बघितली. पोराचं बोट आठवलं असणार, कारण मान डोलावली.

अण्णांनी वायर परत बसवली. मग, "हे डोळ्याचं मला का सांगितलं न्हाय कुणी?"

"मला महिन्यापूर्वी कळलं."

"दोन महिन्यांपूर्वी," अण्णा म्हणाले. हिशेबाचा माणूस. मी मान खाली घातली.

वाटलं, जिंकलं. पण ते उठून खिडकीशी गेले.

"कुमुदबाई, मला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून दहा वर्सांचा साचा करत न्हाय कुणी. ती बाई माझं गिऱ्हाईक न्हवं. माझं गिऱ्हाईक दुकानात येतंय, रंग बघतंय, भांडी किती ते बघतंय. उघडतोय का म्हणून आजवर एका बाईनं विचारलेलं न्हाय. एक दाखवा."

"एक? घरोघरी माळ्यावर पडलेत!"

"मग आणा की. माळ्यावरचं खाली आणा. रविवारी सकाळी धा वाजता मी सोता फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. ज्यांच्या घरात बंद मिक्सर पडून हाय आणि ज्यांना त्येचं दुख हाय, त्या बायका मिक्सर घेऊन फाटकापतूर आल्या, तर खाच. न्हाय आल्या, तर सोमवारी साचा जाईल, रिव्हेटसकट."

"किती आल्या म्हणजे?"

"आल्या म्हंजे मला कळंल की."

हा माणूस खोटं बोलत नाही, हीच पंचाईत आहे.

२१ ऑक्टोबर

बाळू मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी साच्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "रविवारी दुपारपतूर मोकळं ठेवतो. त्येच्याफुडं माझ्या हातात न्हाय."

चंदगडला पत्र टाकलं. पोचणार नाही वेळेत. फोन लावला, दुकानातून उचलला, त्या बारक्या माणसानंच. "येतो बाई. पण येष्टी धाला पोचतीया का बघावं लागंल."

पेठ वडगावला फोन केला नाही. अजून हिंमत नाही.

अक्काला विचारलं, येणार का? म्हणाली, "मी कशाला? मी गिऱ्हाईक न्हवं म्हणाला न्हवं त्यो?" मग, "रुक्मीला पाठवतो."

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दुपारी चारला महिला मंडळ. ऑगस्टमध्ये लिहिलेलं भाषण काढून वाचलं. चांगलं आहे. त्याचीच भीती वाटते. मला माहीत आहे काय होतं. बायका ऐकतात, डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात, मग माईक बंद होतो, चहा येतो, आणि कुणी कुठे जात नाही. माझ्या सगळ्या आयुष्याची टाळ्यांची बेरीज केली तर किती माणसं उठून चालायला लागली? दि.ला विचारलं. त्यानं वही बाजूला ठेवली. "एक. तू. दहा ऑगस्टला, हातोडी घेऊन."

मग माळ्याकडे बघून म्हणाला, "आपला नेणार कसा? पाच तुकडे झालेत."

परडीत भरून नेणार. पाचही. वरून कॅलेंडरचं भोक पडलेलं पान.

‘मोड’ हा शब्द भाषणातून काढला. तीन ठिकाणी होता. विज्ञानाचं, विकासाचं, पहिल्या प्रश्नाचंही सगळं काढलं. बंदी कुणी घातली हे आता विचारायचं नाही, सांगायचं: मी घातली. सहा रिव्हेट मारून. तिथे माझा आवाज बसणार, बसू दे.

शेवट एवढाच ठेवला आहे. पाठ करत नाही, वाचून दाखवणार:

‘बायकांनो, नारळ फोडावा लागतो, केळं सोलता येतं. पुढची दहा वर्षं तुमच्या घरात काय यावं ते उद्या ठरणार आहे, आणि ते माझ्या बोलण्यानं ठरणार नाही. म्हणून आज टाळी वाजवू नका. हात मोकळे ठेवा. घरी जा, स्टूल घ्या, माळ्यावर चढा. तुमचा बंद पडलेला मिक्सर खाली काढा, पुसू नका, उघडायला जाऊ नका. उद्या कोजागिरी आहे, दूध संध्याकाळी आटवायचं, सकाळ मोकळी आहे. रविवारी सकाळी दहा वाजता तो मिक्सर काखेत मारून गोकुळ शिरगावला आमच्या कारखान्याच्या फाटकाशी या.’